जुन्या मोटारीची नोंदवही

जर्मनीत तीस वर्षे पूर्ण केलेल्या मोटारीला 'ओल्डटायमर' म्हणतात. इंग्रजीत हा शब्द मुरलेल्या, वयोवृद्ध माणसासाठी वापरला जातो; जर्मनांनी तो मोटारीला बहाल केला. १९९७ पासून अशा मोटारींच्या क्रमांकपट्टीच्या शेवटी 'एच' हे अक्षर लावण्याची सोय आहे. 'एच' म्हणजे 'हिस्टोरिश', अर्थात ऐतिहासिक. इंजिन लहान असो वा मोठे, अशा मोटारीला वर्षाला सरसकट १९१.७३ युरो एवढाच वाहनकर पडतो. मात्र केवळ वय झाले म्हणून हा मान मिळत नाही. मोटार मूळ स्वरूपाच्या जवळ आहे आणि चांगल्या स्थितीत राखलेली आहे, असा मान्यताप्राप्त तज्ज्ञाचा अहवाल लागतो. शिवाय दर दोन वर्षांनी होणारी सक्तीची सुरक्षा तपासणी तिलाही चुकत नाही.

तात्पर्य, जर्मन कायद्याने जुन्या मोटारीच्या वयापेक्षा तिच्या निगेला महत्त्व दिले आहे. ही निगा म्हणजे नेमके काय? तिच्यातील कोणती कामे घरी करता येतात, आणि कोठे थांबून जाणकाराच्या स्वाधीन व्हावे? एका प्रसिद्ध जर्मन मोटारीच्या आधारे या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

चपळ सेडानची परंपरा

१९५९ च्या अखेरीस बव्हेरियातील बीएमडब्ल्यू ही कंपनी विकली जाण्याच्या उंबरठ्यावर होती. ९ डिसेंबर १९५९ रोजी झालेल्या सभेत छोट्या भागधारकांनी तो प्रस्ताव रोखून धरला. पुढे हर्बर्ट क्वांट यांनी कंपनीतील आपली गुंतवणूक वाढवली आणि नव्या मोटारीच्या निर्मितीला बळ मिळाले. १९६१ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात '१५००' ही चार दारांची मध्यम आकाराची मोटार लोकांसमोर आली. तिचे इंजिन अलेक्स फॉन फाल्केनहाउझेन यांनी सिद्ध केले होते. कुटुंबाला पुरेल एवढी जागा आणि चालवणाऱ्याला आनंद देईल अशी चपळाई, हे दोन्ही गुण एकाच मोटारीत असावेत, ही कल्पना येथून रुजली. १९६८ ची '२००२' ही दोन दारांची मोटार याच घराण्यातली. १९७५ साली 'तीन मालिका' सुरू झाली, आणि १९८२ च्या अखेरीस तिची दुसरी पिढी अवतरली. कंपनीच्या अंतर्गत परिभाषेत या पिढीला 'ई-३०' म्हणत. जगभरचे चाहते आजही तिला याच नावाने ओळखतात.

१९९४ पर्यंत ई-३० च्या सर्व प्रकारांच्या मिळून तेवीस लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी '३२५ आय' या प्रकारात अडीच लिटरचे, एका ओळीत सहा सिलिंडर असलेले, सुमारे १७० अश्वशक्तीचे इंजिन होते. इंजिन पुढे, शक्ती मागच्या चाकांना, वजन बेताचे आणि बांधणी सुटसुटीत. बॉनेट उघडले की बहुतेक भाग डोळ्यांना दिसतात आणि हाताला लागतात. संगणकाचे नियंत्रण आहे, पण ते इंधन आणि ठिणगी यांच्यापुरते. म्हणूनच ही मोटार घरी शिकण्यास आणि घरी राखण्यास सोयीची मानली जाते. आपणही पुढील विवेचनासाठी हीच मोटार समोर ठेवू.

पहिले काम वाचनाचे

समजा, म्युनिकमधील एका कुटुंबात वडिलांची ३२५ आय मोटार त्यांच्या पश्चात मुलीकडे आली. मोटार गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली आहे. रंग तकतकीत आहे, चावी फिरवताच इंजिन सुरू होते. कन्येने प्रथम काय करावे?

तिने मोटार बाहेर न काढता सर्व्हिसिंगची पुस्तिका आणि जुनी बिले शोधावीत. तेल केव्हा बदलले, ब्रेक ऑइल केव्हा, शीतक द्रव म्हणजे कूलंट केव्हा आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टायमिंग बेल्ट केव्हा, या प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळतात. इंजिनाच्या आवाजावरून ती मिळत नाहीत. ज्या कामाची तारीख सापडत नाही ते काम झालेलेच नाही असे धरून चालावे, हा अनुभवी माणसांचा दंडक आहे. तो कठोर वाटेल. परंतु बँकेतही व्यवहार झाल्याचे सांगून भागत नाही, खात्यावर नोंद लागते. येथेही तोच न्याय.

ई-३० च्या बाबतीत या नोंदीला एक विशेष कारण आहे. सर्व्हिसिंगची वेळ झाल्याचे चालकाला आपोआप कळावे म्हणून या मोटारीच्या डॅशबोर्डवर लहान दिव्यांची एक ओळ बसवलेली होती. धावलेले अंतर, इंजिनाचे फेरे आणि तापमान यांचा हिशेब ठेवून हिरवे दिवे एकेक करून मालवत. मग पिवळा दिवा लागे आणि तरीही दुर्लक्ष झाले तर तांबडा. त्या काळात ही योजना नवी होती. पण हा हिशेब लक्षात ठेवणाऱ्या पट्टीवर पुन्हा चार्ज होणाऱ्या छोट्या बॅटऱ्या जोडलेल्या होत्या. काही वर्षांनी त्या निकामी होतात, कधी गळतात आणि शेजारचे तांब्याचे मार्ग कुरतडतात. मग दिवे भलतेच काही सांगू लागतात. फेरे दाखवणारा काटा आणि तापमानाचा काटासुद्धा बिघडू शकतो. आठवण करून देणाऱ्या यंत्रालाच विस्मरण झाले, असा हा प्रकार आहे. ती पट्टी बदलता येते. परंतु तिच्यावर विसंबून न राहता साध्या वहीत तारीख, किलोमीटर, केलेले काम आणि वापरलेल्या भागाचा क्रमांक लिहून ठेवणे हाच खात्रीचा उपाय होय. बीएमडब्ल्यूच्या प्रत्येक सुट्या भागाला अकरा अंकी क्रमांक असतो. तो वहीत असला, तर पुढच्या वेळी दुकानदाराला वर्णन करून सांगण्याची वेळ येत नाही.

एका रबरी पट्ट्याची गोष्ट

३२५ आय मोटारीच्या इंजिनात सर्वांत नाजूक आणि सर्वांत निर्णायक भाग कोणता असेल, तर तो रबराचा दातेरी पट्टा, म्हणजेच टायमिंग बेल्ट. पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात तो क्रँकशाफ्ट खाली असतो. इंधनमिश्रित हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा उघडणारा कॅमशाफ्ट वर असतो. खालचा दांडा दोन वेळा फिरला की वरचा एकदा फिरला पाहिजे, हे गणित एका दात्यानेही चुकता कामा नये. दोघांना बांधून ठेवतो तो हा पट्टा.

आता कल्पना करावी की मोटार वेगाने जात आहे आणि पट्टा तुटला. मिनिटाला ३,००० फेरे म्हणजे सेकंदाला पन्नास. मोटारीच्या गतीमुळे क्रँकशाफ्ट फिरतच राहतो, पण कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो. त्या क्षणी काही झडपा उघड्या राहिलेल्या असतात. या इंजिनाची रचना अशी आहे की पूर्ण उघडी झडप आणि वर आलेला पिस्टन यांना एकाच वेळी पुरेल एवढी जागा सिलिंडरमध्ये नसते. पिस्टन झडपांवर आदळतात. झडपा वाकतात, त्यांना दाबणारे रॉकर तुटतात, कधी पिस्टनलाही इजा होते. एका क्षणात इंजिन उघडण्याची वेळ येते, आणि ती वेळ येण्यापूर्वी कोणताही आवाज, कोणतीही थरथर जाणवलेली नसते.

हा पट्टा साधारण चार वर्षांनी किंवा ६०,००० किलोमीटरनंतर, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, बदलावा अशी जुन्या मोटारींच्या बाबतीत प्रथा आहे. यातील 'चार वर्षे' हे शब्द हौशी मालकांच्या ध्यानात राहत नाहीत. मोटार वर्षातून एक हजार किलोमीटरच धावते, मग पट्टा कसा झिजेल, असे त्यांना वाटते. परंतु रबर बसल्या जागीही म्हातारे होते. उष्णता, हवा आणि जवळच्या सीलमधून झिरपणारे तेल यांनी ते कडक होते, त्याला बारीक चिरा पडतात. आपल्या उदाहरणातील कन्येला बिलांत पट्ट्याची तारीख सापडली नाही, तर चावी फिरवण्याचा मोह आवरणे हेच तिचे पहिले कर्तव्य ठरते.

हे काम घरी करता येते काय? चिकाटी, चांगला पाना-संच आणि कंपनीची दुरुस्ती-पुस्तिका असेल तर करता येते; मात्र हे नवशिक्याचे पहिले काम नव्हे. त्याचे टप्पे थोडक्यात असे:

१. प्रथम बॅटरीची जोडणी काढावी. कूलंट स्वच्छ भांड्यात उतरवून घ्यावे. त्यानंतर पंखा आणि रेडिएटर बाजूला करावेत. पंख्याच्या ३२ मिलिमीटरच्या नटाला उलटे आटे असतात. हे माहीत नसलेला माणूस तो सोडवण्याच्या भरात आणखी घट्ट करून बसतो.

२. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन सर्वोच्च बिंदूवर आणावा. क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट या दोन्हींच्या चाकांवरील खुणा इंजिनावरील खुणांशी जुळल्या आहेत याची खात्री करावी. शक्य तर छायाचित्र घेऊन ठेवावे.

३. ताण देणारी पुली सैल करून जुना पट्टा काढावा. एकदा काढलेला पट्टा, तो नवा दिसत असला तरी, पुन्हा बसवू नये. पुली आणि तिची स्प्रिंग नवी घालावी. वॉटर पंप येथेच असतो, तोही याच वेळी बदलावा. पंपाची किंमत बेताची असते. त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे श्रम मात्र मोठे असतात.

४. नवा पट्टा बसवून ताण दिल्यावर इंजिन चालू न करता पान्याने, हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवावे आणि खुणा पुन्हा तपासाव्यात.

५. हाताने फिरवताना कोठेही टणक अडथळा जाणवला, तर जोर लावू नये. तो अडथळा म्हणजे पिस्टन आणि झडप यांची भेट असू शकते. तेथेच थांबून चूक शोधावी.

हे दोन फेरे म्हणजे साऱ्या कामाची कसोटी. हाताने फिरवताना चूक समजली तर नुकसान शून्य. चावी फिरवल्यावर समजली तर नुकसान पूर्ण.

पाणी आणि उष्णता

या इंजिनाचा खालचा ठोकळा बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. तापल्यावर हे दोन धातू सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. इंजिन एकदा जरी अतिशय तापले, तरी हेड वाकण्याची किंवा त्याला तडा जाण्याची भीती असते. म्हणून तापमानाचा काटा तांबड्या पट्ट्याकडे झुकताच मोटार सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे. 'थोडेच अंतर उरले आहे' हा विचार येथे फार महागात पडतो.

कूलंट आणि शुद्ध केलेले पाणी निम्मे निम्मे मिसळून भरावे. नळाच्या पाण्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात. कूलंटचे काम केवळ हिवाळ्यात पाणी गोठू न देण्याचे नसते. ते उकळबिंदू वाढवते आणि ॲल्युमिनियमला गंजण्यापासून वाचवते, म्हणून उन्हाळ्यातही ते हवेच.

नवे कूलंट भरल्यावर आत हवेचा बुडबुडा अडकून राहणे हा या इंजिनाचा ठरलेला त्रास. मोटारीचे नाक थोडे वर करावे, हीटर पूर्ण उष्णतेवर ठेवावा, थर्मोस्टॅटच्या घरावरील छोटा स्क्रू सैल करावा आणि बुडबुडे थांबून सलग द्रव येऊ लागेपर्यंत सावकाश भरत राहावे. इंजिन गरम असताना टाकीचे झाकण कधीही उघडू नये. उतरवलेले कूलंट उघड्यावर ठेवू नये. त्याची चव गोडसर असते आणि ते कुत्र्यामांजरांना मारक ठरते.

टॅपेटची टकटक

इंजिनात बारा झडपा आहेत. झडप आणि तिला दाबणारा रॉकर यांत, इंजिन थंड असताना, ०.२५ मिलिमीटर अंतर ठेवावयाचे असते. वरचे झाकण काढून फीलर गेज नावाची पातळ पट्टी त्या फटीत सरकवली, आणि ती किंचित अडखळत सरकली, की अंतर बरोबर आहे असे समजावे. नसल्यास रॉकरच्या टोकाचा छोटा नट सैल करून आतील विकेंद्री चकती बारीक तारेने फिरवावी आणि नट पुन्हा आवळावा. सिलिंडरांचा पेट घेण्याचा क्रम १-५-३-६-२-४ असा आहे. त्याच क्रमाने गेल्यास एकही झडप सुटत नाही. एका सकाळीत होणारे, माफक साधनांचे आणि मन एकाग्र करणारे हे काम आहे.

टॅपेट सैल असले की टकटक आवाज येतो, म्हणून मालक अस्वस्थ होतात. वास्तविक अधिक धोका उलट बाजूला असतो. अंतर फार कमी असलेली झडप आवाज करीत नाही, पण ती पूर्ण मिटत नाही. मिटलेल्या झडपेची उष्णता तिच्या बैठकीतून हेडमध्ये जाते; अर्धवट मिटलेल्या झडपेला ही वाट मिळत नाही आणि तिची कड जळते. म्हणून इंजिन शांत झाले की काम साधले, असे मानू नये. पट्टीने मोजलेले अंतर हेच प्रमाण.

रबर, जे दिसत नाही

'मोटार पूर्वीसारखी चालत नाही' अशी तक्रार असते तेव्हा दोष बहुधा इंजिनात नसून सांध्यांतील रबरात असतो. पुढील चाकांच्या दांड्यांचे बुश, मागील धुरा पेलणाऱ्या चौकटीचे बुश आणि गिअरबॉक्स व प्रॉपेलर शाफ्ट यांना जोडणारी जाड रबरी चकती, हे तीन भाग प्रथम तपासावेत. ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरणे, वळणावर मागची बाजू किंचित उशिरा वळल्यासारखी वाटणे, गिअर टाकून क्लच सोडताना खालून 'धप्' असा आवाज येणे, ही त्यांची लक्षणे. हे भाग तुलनेने स्वस्त असतात. बुश मात्र दाबयंत्राशिवाय नीट बसत नाहीत, तेव्हा ते काम कार्यशाळेत करून घेणे श्रेयस्कर.

घरच्या कामाची सीमा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मोटारीखाली शिरून काम करताना माणसांचे जीव गेलेले आहेत, आणि कारण बहुतेक वेळा एकच असते: केवळ जॅकवर उचललेली मोटार. जॅक मोटार उचलण्यापुरता आहे. मोटार तोलून धरण्यासाठी लोखंडी स्टँड लागतात. जमीन सपाट आणि कठीण असावी, जमिनीवरच्या चाकांना दोन्हीकडून ओट लावावी, स्टँड पुस्तिकेत दाखवलेल्या ठिकाणीच ठेवावेत आणि खाली जाण्यापूर्वी मोटार हाताने हलवून पाहावी. जुन्या मोटारीत जॅक लावण्याच्या जागेचा पत्राच गंजून पोकळ झालेला असू शकतो, हेही विसरू नये. घरात दुसरे कोणी नसताना मोटारीखाली जाऊच नये.

दुसरी सीमा ब्रेकची. ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते. या मोटारीत वापरले जाणारे 'डॉट ४' प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या ऑइलच्या बाबतीत प्रमाणभूत किमान मर्यादा १५५ अंश आहे. घाटात सतत ब्रेक लावल्याने जुने ऑइल उकळले, तर नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते आणि पाय तळाला टेकूनही मोटार थांबत नाही. म्हणून मोटार कितीही कमी धावो, दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्या चाकाकडे यावे, एवढे मूळ तत्त्व आहे. परंतु ज्याने हे काम कधी केलेले नाही त्याने प्रथम जाणकाराच्या हाताखाली ते शिकावे. घरी ब्रेकचे काम केल्यावर पुढच्या अधिकृत तपासणीची वाट न पाहता कार्यशाळेत यंत्रावर ब्रेक तपासून घ्यावेत. चुकलेल्या टॅपेटचे मोल मालक एकटा देतो. चुकलेल्या ब्रेकचे मोल रस्त्यावरील अनोळखी माणसालाही द्यावे लागते.

तिसरी सीमा टॉर्क रेंचशिवाय काम न करण्याची. ॲल्युमिनियममधील आटे मऊ असतात. 'हाताच्या अंदाजाने' आवळलेला स्पार्क प्लग पुढच्या वेळी आटे घेऊनच बाहेर येतो. प्रत्येक बोल्टसाठी पुस्तिकेत दिलेला आकडा पाहावा आणि तेवढ्याच जोराने आवळावे.

गंज आणि हिवाळा

जर्मनीत हिवाळ्यात रस्त्यावरील बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. हे खारट पाणी चाकांच्या वरच्या कमानी, जॅक लावण्याच्या जागा आणि पुढील मडगार्डांची खालची टोके यांत शिरते आणि आतून पत्रा खाऊ लागते. बॅटरीखालची बैठक हेही गंजाचे आवडते ठिकाण. अनेक जर्मन मालक आपली जुनी मोटार मीठ टाकण्याच्या महिन्यांत बाहेर काढतच नाहीत. त्यांच्यासाठी १९९७ पासून हंगामी क्रमांकपट्टीची सोय आहे. वर्षातील ठराविक, सलग महिन्यांपुरतीच नोंदणी होते आणि कर व विमाही त्या प्रमाणात आकारला जातो. ऑक्टोबर २०१७ पासून ही सोय 'एच' पट्टीबरोबरही घेता येते.

झाकून ठेवण्यापूर्वी मोटार खालून धुऊन पूर्ण वाळवावी, पोकळ भागांत मेणयुक्त लेप फवारावा, दारांच्या खालची पाणी निथळण्याची छिद्रे मोकळी आहेत का ते पाहावे आणि तेल बदलावे. वापरलेल्या तेलात आम्लांश असतो; तो महिनोन्‌महिने बेअरिंगांवर बसू देणे योग्य नव्हे.

शेजारधर्म आणि कायदा

'घरी दुरुस्ती' या शब्दांना जर्मनीत काही मर्यादा आहेत. रविवार हा शांततेचा दिवस मानला जातो. त्या दिवशी हातोडीचा किंवा यंत्राचा आवाज शेजाऱ्यांना खपत नाही आणि कायद्यालाही. अनेक शहरांत रस्त्यावर किंवा मोकळ्या जमिनीवर मोटार धुण्यासही मनाई आहे, कारण तेलकट पाणी जमिनीत मुरते. वापरलेले इंजिन ऑइल मात्र कोठे टाकावे हा प्रश्न उरत नाही. जो दुकानदार नवे तेल विकतो, त्याने विकले तेवढेच जुने तेल विनामूल्य परत घेतले पाहिजे, असा नियम आहे. त्यासाठी ग्राहकाने पावती जपून ठेवावी लागते. पुन्हा नोंदच!

ज्यांच्याकडे गॅरेज नाही त्यांच्यासाठी तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या कार्यशाळा आहेत. तेथे मोटार उचलणारी लिफ्ट, हत्यारे आणि प्रसंगी सल्ला देणारा मेकॅनिक उपलब्ध असतो. काम आपले आणि साधने त्यांची. स्वतःच्या अंगणापेक्षा अशा ठिकाणी शिकणे अधिक सुरक्षित होय.

हिशेब

हौसेच्या मोटारीचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक अपेक्षित आणि दुसरा अनपेक्षित. तेल, फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट, पट्टा आणि टायर यांचा खर्च आधी लिहून काढता येतो. त्याला वर्षांनी भागून दरमहा ठराविक रक्कम आवर्ती ठेवीसारखी बाजूला ठेवली, की तो जाणवत नाही. अनपेक्षित खर्च पुष्कळदा अपेक्षित खर्च टाळण्यातूनच जन्म घेतो. पट्टा न बदलण्याने वाचवलेली रक्कम इंजिनाच्या दुरुस्तीत अनेक पटींनी द्यावी लागते.

खरेदी करताना रंगापेक्षा खालचा पत्रा पाहावा. यांत्रिक दोष क्रमाक्रमाने दूर करता येतात. कुजलेला सांगाडा दुरुस्त करणे सर्वांत महाग पडते. सुटे भाग मिळण्याची चिंता या मोटारीच्या बाबतीत तुलनेने कमी आहे, कारण बीएमडब्ल्यूचा ऐतिहासिक मोटारींसाठीचा विभाग जुन्या मोटारींचे भाग आजही पुरवतो. विमा काढताना तज्ज्ञाकडून मोटारीचे मूल्यांकन करून घ्यावे. सामान्य घसारा लावून काढलेली किंमत अशा मोटारीला लागू पडत नाही. मूल्यांकन करणारा तज्ज्ञही प्रथम मागतो ती नोंदवही आणि बिले.

आपल्याकडे

भारतात जुन्या मोटारींसाठीची चौकट वेगळी आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होण्यासाठी मोटारीचे वय पन्नास वर्षांहून अधिक असावे लागते. त्याआधीच्या वयात नेहमीचे नोंदणी-नूतनीकरणाचे आणि तपासणीचे नियम लागू होतात, तेव्हा आपल्या राज्यातील नियम आधी समजून घ्यावेत.

जर्मन सेडानचा महाराष्ट्राशी एक जुना संबंधही आहे. १९९५ पासून पुण्याजवळ पिंपरी येथे मर्सिडीज-बेंझच्या 'डब्ल्यू-१२४' या पिढीतील ई-क्लास मोटारींची बांधणी होऊ लागली. भारतात तयार झालेल्या त्या पहिल्या मोटारींना आता तीस वर्षे होऊन गेली आहेत, आणि जर्मनीत असत्या तर त्या 'ओल्डटायमर' ठरल्या असत्या. त्यांच्या इंजिनात रबरी पट्ट्याऐवजी साखळी असल्यामुळे वर वर्णिलेले भय तेथे त्या स्वरूपात नाही. परंतु कूलंट, ब्रेक ऑइल, सांध्यांतील रबर आणि टॉर्क रेंच यांचे नियम तेच. वाचकांपैकी कोणाकडे अशी मोटार असल्यास, किंवा एखादी साधी जुनी देशी मोटार असल्यासही, पहिले काम एकच. एक जाड पुठ्ठ्याची वही आणावी आणि पहिल्या पानावर आजची तारीख व किलोमीटर लिहावेत.

आपल्या उदाहरणातील कन्येला वडिलांची बिले सापडली असती, तर तिला अर्ध्या प्रश्नांची उत्तरे मिळाली असती. सापडली नाहीत, म्हणून तिने नवा पट्टा घातला, ब्रेक ऑइल बदलून घेतले आणि वहीच्या पहिल्या ओळीत त्याची नोंद केली. पुढे ती मोटार ज्याच्या हाती जाईल, त्याला चावीबरोबर ती वहीही मिळेल. चावीने मोटार सुरू होईल. ती निर्धास्तपणे चालवता येईल ती वहीमुळे.